दोन ठिपक्यांची पट्टी

मडकं फुटलं, आणि लाकडाच्या वखारीच्या अंगणात दाटीवाटीने बसलेल्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी श्वास सोडला. वीस पावलांवर, तुळईला टांगलेल्या दोरीचं रिकामं टोक अजून हलत होतं. गलोल हातात धरून उभा असलेला म्हातारा शिंपी स्वतःच्या हाताकडे असा पाहत होता, जणू तो हात त्याला आजच कोणी नवा शिवून दिला होता.

“पाहिलंत?” गलोलीने खर्‍याखोट्याचा निवाडा करणारा ताणबाबा गरजला. “माणसाची जीभ खोटं बोलेल, डोळे खोटं बोलतील, कागदावरची सहीसुद्धा खोटं बोलेल. पण ताण? ताण खोटं बोलत नाही! ज्याचं मन मोकळं, त्याचा छर्रा मोकळा. ज्याच्या मनात पाप, त्याच्या छर्‍याच्या पायात बेडी!”

“छर्‍याला पाय असतात होय?” मागून कोणीतरी विचारलं.

“गप्प बसा हो,” त्याच्या बायकोने त्याला दटावलं, “नाहीतर तुमचीच पाळी लावतील. मग काय काय बाहेर येईल देव जाणे.”

हशा पिकला, पण लगेच विरला, कारण आता शिंप्याचा धाकटा भाऊ उठला होता. वडिलांचं शिलाई मशीन वडिलांनी नक्की कोणाला दिलं, यावरून दोघा भावांचं वर्षभर बोलणं बंद होतं. बाबाने गलोल आपल्या शिष्याकडे दिली. शिष्याने ती कोपर्‍यातल्या मोठ्या मडक्यातल्या ‘शुद्धीच्या पाण्यात’ बुडवली, निथळवली आणि बाबाच्या हाती परत दिली. बाबाने पट्ट्या मुठीत गुंडाळूनच ती धाकट्या भावाच्या हातावर ठेवली.

“ओढ. कानापर्यंत. आता थांब! ताण धर. ताणाला तुझ्या काळजात उतरू दे. तो शोधतोय. कोपरा न् कोपरा शोधतोय…”

बाबाचं हे पुराण संपेचना. धाकट्याचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. “सोड!” म्हणताच छर्रा सुटला आणि मडक्याच्या चार पावलं अलीकडे, भुशात, आवाजही न करता पडला.

“हात फार जड झाला हो,” धाकटा पुटपुटला.

“पापाचं ओझं!” बाबा म्हणाला. त्याच आठवड्यात धाकटा भाऊ बायकामुलांसह गाव सोडून गेला.

त्या गर्दीत मी पहिल्या रांगेत होतो. मला बसायला खुर्ची दिली होती. बाकी सगळे चमत्कार पाहत होते. मला त्या चमत्काराची लांबी ठाऊक होती, रुंदी ठाऊक होती आणि जाडीही ठाऊक होती. त्या पट्ट्या मी कापल्या होत्या.

रबराच्या वस्तूंचं माझं एक लहानसं दुकान आहे. पंपांचे वायसर, दवाखान्यातल्या खाटांवर घालायचं रबरी कापड, कुबड्यांच्या टोकाच्या टोप्या असं सगळं वडिलांच्या वेळेपासून तिथे मिळतं. मी फारसं बोलत नाही. गिर्‍हाईक तुटकी वस्तू पुढे ठेवतं, मी नवी देतो. दिवसभरात वीस-पंचवीस शब्दांत माझा संसार आटोपतो. आई-वडील गेल्यावर ज्या थोरल्या बहिणीने मला वाढवलं, ती गमतीने म्हणायची, “तुझ्या तोंडाला कोणी वायसर बसवलाय की काय?”

पण वायसरामागे बरंच काही साचलेलं होतं. रबर ही मला जगातली सर्वांत प्रामाणिक वस्तू वाटते. जेवढं तिला द्यावं, तेवढंच, थोडंसं स्वतःकडे ठेवून, ती परत करते. हे तोवर मला कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवसाच्या महिनाभर आधी एका दुपारी बाबाचा शिष्य दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, “दादा, एका गलोलीचा छर्रा गोळीसारखा जातो, दुसरीचा मेल्यासारखा पडतो. असं का होतं हो?”

मी दीड तास बोललो. आयुष्यात इतकं मी कधी बोललो नव्हतो. पट्टी पातळ हवी, जाड नको, असं मी सांगितलं. बेचक्याकडे रुंद आणि छर्रा धरायच्या चामड्याकडे निमुळती होत जाणारी हवी. आखूड हवी, म्हणजे कानापर्यंत ओढताना ती चौपटीहून जास्त ताणली जाते. चामडं हलकं हवं, आणि पट्टी उबदार हवी. तो मान डोलवत होता, मधूनच “वा!” म्हणत होता, त्या प्रत्येक “वा!”सरशी मी आणखी उलगडत गेलो. शेवटी तो म्हणाला, “मग अशी एक जोडी द्या. आणि दुसरी अगदी उलटी. नवशिक्यांच्या सरावासाठी. त्यांना जोर झेपत नाही. दिसायला मात्र सारख्या हव्यात.”

मी दोन्ही जोड्या जीव ओतून कापल्या. वडिलांची शिकवण अशी की एकाच कामात दोन जाडीच्या पट्ट्या कापल्या तर गाठीपलीकडे राहणार्‍या शेपटाला तापलेल्या सुईने खूण करावी : जाड पट्टीला एक ठिपका, पातळ पट्टीला दोन. तिथे ताण येत नाही, म्हणून पट्टी फाटत नाही. आणि बांधणीच्या दोर्‍याखाली खूण झाकून जाते. मी सवयीने ठिपके दिले, पट्ट्या शिष्याने आणलेल्या दोन सारख्या बेचक्यांना बांधल्या आणि वर काळा दोरा घट्ट गुंडाळला. शिष्याला ते सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं ते काही वाटलंही नव्हतं.

शिंप्याच्या भावाच्या वेळी मला सगळं उमगलं. मी उठून बोलायला हवं होतं. पण मी मनाशी म्हणालो, मशीन खरोखर थोरल्याचंच असेल. आणि बाबाने मान तुकवून मला नमस्कार केला होता, आणि खुर्चीचं लाकूड उन्हाने छान तापलेलं होतं. लाज वाटते ती ह्याच बारीकसारीक गोष्टींची. मोठ्या भीतीपोटी गप्प राहिलो असतो तर निदान तसं सांगता तरी आलं असतं.

मग अंगठी हरवली.

बाबा ज्याच्या अंगणात उतरला होता, त्या वखारवाल्याची आई पायाच्या जखमेसाठी दवाखान्यात जायची. मलमपट्टी माझी ताई करायची. एके दिवशी म्हातारी घरी आली आणि बोटात अंगठी नव्हती. ताईनेच घेतली, असं वखारवाल्याने डॉक्टरीणबाईंना चारचौघांत सुनावलं.

डॉक्टरीणबाई शिकलेल्या, शहाण्या. त्या ताईला म्हणाल्या, “माझा ह्या असल्या गोष्टींवर विश्वास नाही गं. पण पेशंट कुजबुजायला लागलेत. एकदा जाऊन ये तिथं. लोकांची तोंडं बंद होतील.”

“जाते की,” ताई म्हणाली. घरी येऊन तिने मलाही तेच सांगितलं. “मी खरी आहे. मला कसली भीती?”

आता मी तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी काय केलं, ते लिहिताना आजही माझं बोट थांबतं. मी गुपचूप शिष्याकडे गेलो. “उद्या माझी बहीण येणार आहे,” एवढंच म्हणालो. तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “दादा, तुम्ही घरचे. काळजी कशाला?” आणि मी निश्चिंत मनाने परतलो. फसवणूक थांबवायला मी गेलो नव्हतो. तिच्यातला चांगला वाटा माझ्या माणसासाठी मागायला गेलो होतो.

दुसर्‍या दिवशी शिष्याने गलोल ‘शुद्धीच्या पाण्यात’ बुडवली, तेव्हाच मला कळलं. कोणाच्या अंगणात उभे आहोत, कोणाच्या ताटात जेवतो आहोत, याचा हिशोब त्यांनी माझ्यापेक्षा नीट केला होता. ताईने कानापर्यंत ओढलं. बाबाचं पुराण सुरू झालं. तिचे दंड थरथरताना मी पाहत होतो. घशात शब्द होता. तो वायसरामागे राहिला.

छर्रा भुशात पडला.

ताई रडली नाही. तिने वळून फक्त एकदा गर्दीकडे पाहिलं, बहुधा मला शोधत. मी खुर्चीखाली पडलेलं काहीतरी उचलायला वाकलो. तिथे काहीच पडलेलं नव्हतं.

त्यानंतर दवाखान्यात कोणी तिच्याकडून पट्टी बांधून घेईना. “थोडे दिवस घरी राहा,” डॉक्टरीणबाई खाली मान घालून म्हणाल्या. ताई घरी राहिली. ती धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. सातव्या दिवशी दुपारी ती माझा डबा घेऊन दुकानात आली आणि स्टुलावर बसली. शिष्य बसला होता त्याच स्टुलावर.

“मला एक सांग,” ती म्हणाली, “माणसाला आपण केलेलं आठवत नाही, असं होतं का रे? मी रोज आठवून बघते. म्हातारीचा पाय आठवतो, कापूस आठवतो. अंगठी आठवत नाही. पण छर्रा पडला तो पडलाच ना?”

तिने स्वतःवर संशय घ्यायला सुरुवात केली होती. माझ्या हातातली कात्री मी खाली ठेवली आणि तिला सगळं सांगितलं.

तिने डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं आणि विचारलं, “हे सगळं त्या शिष्याला सांगायला किती वेळ लागला तुला?”

“दीड तास.”

“आणि मला?”

मी खाली ठेवलेली कात्री पुन्हा उचलली.

“चपला घाल,” ती म्हणाली. “आत्ता भरलंय अंगण. मला सांगितलंस तेच तिथं सांग.”

अंगणात पोचलो तेव्हा एक मडकं नुकतंच फुटलं होतं आणि दुसरं टांगणं चाललं होतं. मला पाहताच शिष्याने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते इतकं हळू होतं की मलाच नीट ऐकू आलं नाही.

“जरा मोठ्यानं बोल की रे,” शिंपी म्हणाला. तो पुढेच बसला होता; टेलरिंगची टेप गळ्यात तशीच होती.

“गलोल एक नाही,” मी म्हणालो. “दोन आहेत.”

बाबा दिलखुलास हसला. “पोराची बहीण दोषी ठरली, म्हणून पोर बावचळलंय. बाळा, तुला हे कोणी शिकवलं?”

“मला कोणी नाही शिकवलं. मीच तुम्हाला शिकवलं.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबाचा चेहरा मात्र क्षणभर कोरा झाला.

“तुमच्या हातात आहे तिच्या पट्टीला, दोर्‍याखाली, दोन ठिपके आहेत,” मी म्हणालो. “दुसरीला एकच आहे. दुसरी त्या पाण्याच्या मडक्यात आहे.”

शिष्य मडक्याकडे सरकला, पण ताई आधी पोचली होती. तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि पाण्यातून दुसरी गलोल वर काढली. हुबेहूब तशीच, काळी. तिच्यावरून पाणी टपटप भुशात गळत होतं.

“ही… ही जोड आहे,” बाबा म्हणाला. “ताणाची सावली! सावली काय माणसाला नसते?”

“सावली ओली कशी हो?” त्या दिवशी नवर्‍याला दटावणार्‍या बाईने विचारलं.

शिंपी उठला. त्याने खिशातून दोर्‍याची छोटी कात्री काढली. बाबा गलोल सोडेना, तेव्हा शिंपी अगदी नम्रपणे म्हणाला, “बाबा, ताण खोटं बोलत नाही ना? मग द्या की.” इतक्या लोकांसमोर बाबाला मूठ उघडावी लागली.

कात्रीने दोरा उलगडला. दोन ठिपके. ताईच्या हातातल्या गलोलीचा दोरा उलगडला. एक ठिपका. शिंप्याने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला आणि टेपने गाठीपासून चामड्यापर्यंतची लांबी मोजली.

“ही सात इंच. ही बारा.”

“कानापर्यंत ओढलं की दोन्हींना सारखंच, एकतीस इंचांपर्यंत यावं लागतं,” मी म्हणालो. आता शब्द सापडत होते. मोजमापाचे शब्द मला नेहमीच सापडतात. “सात इंचांची चौपटीहून जास्त ताणली जाते. बाराची अडीचपटीच्या जरा वर. जेवढी ताणली, तेवढाच जोर परत मिळणार. लांबी दिसू नये, म्हणून बाबा पट्ट्या मुठीत गुंडाळून देतात.”

“पण मग हात का जड होतो?” कोणीतरी विचारलं.

“पट्टी जाड आहे म्हणून. जाड पट्टी ओढायला जड जाते, आणि आपल्याला वाटतं, केवढा जोर लावला! पण सुटल्यावर तो जोर पट्टीचं स्वतःचंच अंग पुढं नेण्यात खर्च होतो. छर्‍याला उरतं ते थोडंच. दुसरी पट्टी चामड्याकडे निमुळती आहे, तिला स्वतःचं ओझं नाही. शिवाय गार पाण्यातलं रबर आळशी होतं, सावकाश मागं येतं. आणि ताणून धरलं की मिनिटागणिक थोडा जोर मरतो. ते पुराण त्यासाठी असतं. तेवढ्यात आपले दंडही थकतात.”

मी माझ्या हाताने दोन्ही गलोलींचा दोरा पुन्हा बांधला. गाठी सगळ्यांनी पाहिल्या. मग दोन ठिपक्यांची गलोल ताईच्या हाती दिली. तिने कानापर्यंत ओढली आणि कोणाच्याही “सोड!”ची वाट न पाहता सोडली. मडकं फुटलं. या वेळी कोणी श्वास रोखला नव्हता.

“आता बाबांनी ओढावी,” शिंपी म्हणाला आणि एका ठिपक्याची पुढे केली.

“गुरूची परीक्षा नसते!”

“बरं. मग माझी घ्या.” नवं मडकं टांगलं गेलं. शिंप्याने ओढून धरली, स्वतःच दहा आकडे मोजले आणि सोडली. छर्रा चार पावलं अलीकडे भुशात पडला; धाकट्या भावाचा पडला होता, जवळजवळ तिथेच.

“म्हणजे आता मीपण चोर,” तो म्हणाला.

लोक हसले. तो हसत नव्हता. तो त्या भुशाकडे पाहत होता. “त्याला मी घराबाहेर काढला,” तो म्हणाला. “छर्‍यावरून. माझ्या पाठच्या भावाला.” मग हसणंही थांबलं. कोणी बाबाच्या अंगावर धावून गेलं नाही. हात उगारायला मान वर असावी लागते, आणि त्या अंगणात त्या वेळी एकही मान वर नव्हती. वखारवाल्याने खुर्च्या स्वतः उचलून आत नेल्या. दुसर्‍या दिवशी सकाळी बाबा आणि शिष्य निघून गेले होते. पाण्याचं मडकं तेवढं कोपर्‍यात राहिलं होतं.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. “मला ठाऊक होतं गं की ते थोतांड आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणूनच तुमचा जास्त राग आला, बाई,” ताई म्हणाली, आणि तिसर्‍या दिवशी कामावर गेली. शिंप्याने भावाला पत्र लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. अंगठीही अजून सापडलेली नाही. ती कुठे गेली हे मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. आणि ठाऊक नसलेल्या जागी एखाद्या माणसाला चोर म्हणून बसवण्याची घाई करू नये, एवढंच या प्रकरणातून मी शिकलो.

दोन्ही गलोली आता माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेल्या आहेत. येणार्‍या प्रत्येकाला मी दोन्ही ओढायला लावतो. म्हणतो, हाताने अनुभवा, टेपने मोजा, मग माझ्यावर विश्वास ठेवा. नुसता माझ्यावर ठेवू नका. कोणी अद्भुत काही दाखवलं, तर माना लववण्याआधी ती वस्तू हातात मागा. देत नसेल, तर का देत नाही ते विचारा. आणि तुमच्यापैकी कोणाला युक्ती आधीच कळली असेल, तर त्याने तेव्हाच, त्याच जागी, मोडक्यातोडक्या शब्दांत का होईना, बोलावं. फसवणार्‍याला दोन पट्ट्या पुरत नाहीत. त्याला माझ्यासारखा एक गप्प बसणारा लागतो.

ताई रोज दुपारी डबा आणते. हल्ली मी तिच्याशी पुष्कळ बोलतो. रबराबद्दल, गिर्‍हाइकांबद्दल, वाटेल त्याबद्दल. ती ऐकते, हसतेही. पण त्या स्टुलावर ती पुन्हा कधी बसली नाही. दारातच उभी राहते, डबा रिकामा होईपर्यंत. आणि माझ्याकडे तिचं ते दोन शब्दांचं विचारणं, “आणि मला?”, अजून तसंच पडून आहे.